रुस्ताकचा लोटेवाला

इनास मास्तरांबद्दल मी आजवर चारचौघांत पुष्कळ बोललो आहे, आणि दर वेळी एक गोष्ट गाळून बोललो आहे. आता वय असं झालंय की गाळायला वेळ उरलेला नाही. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहितो.

ओमानमधल्या रुस्ताकात आमचं घर म्हणजे कॉलेजच्या मेसची मागची बाजू. कॉलेज तांत्रिक होतं. वेल्डिंग, वायरिंग, मोटारीचं काम शिकवणारं. पप्पांनी मेस चालवायला घेतली होती, आई स्वयंपाकघर सांभाळायची, आणि मी बारावीला दोनदा नापास होऊन वसईहून त्यांच्याकडे येऊन पडलो होतो. दोन खोल्या, एक कोठार, खिडकीत बसवलेला एक कूलर. तो कूलर वारा कमी आणि आवाज जास्त द्यायचा. तो बंद पडला की आपण बहिरे झालो असं वाटायचं. पहाटेपासून मोठ्या शेगड्यांची भणभण, पातेल्यात फिरणाऱ्या उलथन्याची खरखर आणि त्या सगळ्यावर पप्पांचा आवाज, "यल्ला, यल्ला, पोरं यायची वेळ झाली." पोरांसाठी भात आणि मटण, नाहीतर भात आणि मासे. आमच्यासाठी आई वेगळं करायची ते शुक्रवारी, पोरांची पंगत उठल्यावर. फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, आणि आंबट-तिखट इंदाळ. इंदाळ खरं तर डुकराच्या मटणाचं. रुस्ताकात ते कुठून मिळणार, म्हणून आई बकऱ्याचं करायची आणि दर शुक्रवारी पहिल्या घासाला म्हणायची, "नाही जमलं." वर्षानुवर्षं ते जमलं नाही आणि भांड्यात कधी थेंब उरला नाही.

इनास मास्तर त्या पंगतीला कायम असायचे. वेल्डिंग शिकवायचे. गाव आमच्या गावाच्या शेजारचं, वय चौतीसच्या आसपास, लग्न व्हायचं होतं. कुठलीही वस्तू हातात आली की ते तिचा सांधा बघायचे. ताट घेतलं तरी काठावरून बोट फिरवायचे. कॉलेजच्या फुटबॉल टीमचं काम त्यांच्याकडे आलं ते केवळ एका वाक्यामुळे. मुदीर, म्हणजे आमचे प्रिन्सिपॉल, यांनी एकदा विचारलं होतं, इथे कोणी फुटबॉल खेळलंय का, आणि मास्तर म्हणाले होते, "गावच्या टीमला दहा वर्षं डाव्या बचावाला होतो." वसईत हे कोणीही म्हणेल. आमच्याकडे नाताळच्या गोठ्याआधी फुटबॉलचे खांब उभे राहतात. पण रुस्ताकात तेवढ्यावर माणूस कोच झाला.

ग्राउंड मेसच्या भिंतीपलीकडेच होतं. गवताचं नाव नाही. खडी, धूळ आणि चुन्याच्या रेघा. शुक्रवारी चार वाजता मॅच. बघायला अख्खा सूक, म्हणजे बाजार, यायचा. म्हातारे ओमानी कॉफीचा थर्मास आणि खजूर घेऊन चटईवर बसायचे, तरुण पिकअप गाड्या रेघेला लावून आत बसायचे आणि गोल झाला की सगळे एकदम हॉर्न वाजवायचे. हरलो की हॉर्न नाहीत, पण पुढचे सहा दिवस मास्तरांना सूकमधून चालणं मुश्कील. न्हावी अर्धी दाढी झाली की वस्तरा वर धरून विचारायचा, "मास्टर, वो दस नंबरवाले को पीछे क्यों रखा?" आणि उत्तर पटेपर्यंत उरलेली अर्धी करायचा नाही. मासळीवाला हरलेल्या आठवड्यात मास्तरांना लहान मासे द्यायचा. कुट्टी नावाचा एक केरळी शिंपी होता, टीमच्या चड्ड्या त्यानेच शिवलेल्या, त्यामुळे तो स्वतःला व्यवस्थापनाचा माणूस समजायचा. कंबरेचं माप घेता घेता तो मास्तरांना फिरवून उभं करायचा आणि टेपने कापडावर दाखवायचा की मधली फळी कुठे असायला हवी होती. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे. आमच्याकडे आले की म्हणायचे, "वहिनी, आज जेवायला वाढा, सल्ला नको."

मी सूकमधल्या एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी आणि भला माणूस; महिन्यातून दोनदा यायचा. दुकानात दोन कामं. एक म्हणजे ड्रायव्हर लोकांना गाण्यांच्या कॅसेट भरून देणं. दुसरं म्हणजे बोलतं पत्र. ज्यांना लिहिता येत नव्हतं, किंवा लिहिलेलं घरी कोणाला वाचता येत नव्हतं, ती माणसं दुकानाच्या मागे पडद्याआड बसून कॅसेटवर बोलायची आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर ती कॅसेट पाठवायची. गावाकडे ती ऐकायला घर जमायचं, शेजारपाजार जमायचा. महिन्याभराने तशीच कॅसेट उलट यायची. त्यात आईचं बोलणं, पोराचं रडणं, मध्येच कोंबडा. कोऱ्या कॅसेटी कमी मिळायच्या, म्हणून जुन्यांवरच पुन्हा भरायचो. बोलणारा थांबला की पुढची जुनी गाणी पुसून टाकायची, हा दुकानाचा नियम होता आणि तो पाळायची जबाबदारी माझी होती.

गाण्यांच्या कॅसेटमध्ये मात्र उलटी अडचण. गाणी संपली की शेवटी चार-पाच मिनिटांची टेप रिकामी उरते. ड्रायव्हरला ती आवडत नाही. एका शनिवारी गंमत म्हणून मी त्या रिकाम्या टेपवर कालच्या मॅचबद्दल बोललो. हिंदीत बोललो, कारण हिंदी सगळ्यांना कळायची, ओमानी ड्रायव्हरांनासुद्धा. आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडासमोर पितळी लोटा धरला. स्वतःला 'आपका निष्पक्ष समीक्षक' असं भारदस्त नाव घेतलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन आठवड्यांत रुस्ताकपासून बरकापर्यंत आणि आत इब्रीपर्यंत टॅक्सीवाले ती टेप वाजवू लागले आणि माणसं विचारू लागली, "लोटेवाला क्या बोला?"

लोकांनी आपलं बोलणं वाट बघून ऐकणं हे काय असतं, ते बारावीला दोनदा नापास झालेल्या मुलालाच कळेल. मी धीट झालो. आधी खेळाबद्दल बोलायचो, मग खेळाडूंबद्दल, मग मास्तरांबद्दल. मास्तरांबद्दल बोललं की टेप जास्त फिरते हे मला पहिल्या महिन्यातच समजलं. परवा माझ्या नातवाने मस्कतमधल्या त्याच्या कॉलेज टीमचा ग्रुप मोबाइलवर दाखवला. खेळणारे अकरा आणि अक्कल पाजळणारे चारशे. मी त्याला लोट्याची गोष्ट सांगितली. तो इंग्रजीतूनच विचार करतो, जरा शब्द जुळवून म्हणाला, "आजोबा, म्हणजे तुम्ही ट्रोल होता? पण... विदाउट इंटरनेट?" मी हो म्हणालो. त्याला माझ्याबद्दल एकदम आदर वाटू लागला, आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

घरात लोटेवाल्यावरून दोन पक्ष होते. पप्पा त्याचे भक्त. "माणूस अभ्यासू आहे," ते म्हणायचे. "बस्त्या, ऐक जरा. असं बोलायला शिक. सदानकदा तोंडात मूग धरून बसतोस." मी मान खाली घालून फुगा इंदाळात बुडवायचो.

आई म्हणायची, "अभ्यासू कसला. हागऱ्याला मुहूर्त नाही आणि बोलणाऱ्याला काम नाही. समोर येऊन बोल म्हणावं."

मास्तर हसायचे. "बोलू दे वहिनी. आवाज चांगला आहे त्याचा. लोट्यात तोंड घातल्यावर इतपत चांगला लागतो म्हणजे मूळचा खासाच असणार."

मला हे ऐकून बरं वाटायचं. हेही लिहून ठेवतो.

त्या हंगामात इब्रीच्या कॉलेजबरोबरची मॅच सगळ्यात मोठी. आठवडाभर सूकमध्ये दुसरा विषय नव्हता. आमचा हुकमी खेळाडू सालिम. उंच, हसरा, पायात चेंडू आला की म्हातारे चटईवरून उठून उभे राहायचे. त्या शुक्रवारी आईने इंदाळ केलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "आज जवळपास जमलंय." मी किती फुगे खाल्ले याचा हिशोब नाही. जेवून कोठारात तांदळाच्या पोत्यांवर जरा पाठ टेकली. कूलरची खडखड, पोटात इंदाळ. जाग आली तेव्हा बाहेर शांतता होती. हॉर्न नाहीत. म्हणजे हरलो.

मी बाहेर धावलो. पिकअप निघाल्या होत्या. नासर नावाचा आमचा एक टॅक्सीवाला गाडीला टेकून उभा होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "खलास. दो-एक. सालिम नहीं खेला. मास्टर ने बिठा के रखा."

एवढीच माहिती. शंभर पावलांवर झालेली मॅच मी पाहिली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर चार ड्रायव्हर कॅसेटसाठी उभे. निष्पक्ष समीक्षक झोपला होता असं सांगणार कसं? मी लोटा उचलला.

ती पाच मिनिटं मला आजही पाठ आहेत. सालिमने सरावात उलट उत्तर दिलं म्हणून मास्तरांनी डूख धरला, असं मी म्हणालो. स्वतःच्या रागासाठी पोराला बसवलं आणि कॉलेजचं नाक कापलं. मग मनाला येईल ते: डावी बाजू इतकी उघडी होती की इब्रीवाले तिकडून बकऱ्या हाकत आले असते. ज्याला दोन लोखंडी पट्ट्या सरळ जोडता येत नाहीत, त्याच्या हाती अकरा माणसं कशी दिली? शेवटी आवाज कापरा करून विचारलं, "मास्टरजी, सालिम का क्या क़ुसूर था?"

ही टेप जशी फिरली तशी कुठलीच फिरली नाही. न्हाव्याने मास्तरांना खुर्चीवर बसू दिलं नाही. त्यांनी मग दाढीच वाढवली. मासळीवाल्याने मासा दिला तो आधीच कोणीतरी परत केलेला. कुट्टीकडे मास्तरांची नवी पँट होती. ती त्याने डावा पाय दोन इंच आखूड शिवून दिली आणि म्हणाला, "आपका लेफ्ट साइड तो ऐसे ही खुला रहता है ना, मास्टर." मास्तर ती पँट घालून वर्गावर गेले. दुसरी धुवायला टाकली होती. पोरं हसली. आठवड्याच्या आत मुदीरांनी मास्तरांना बोलावून टीम काढून घेतली आणि ग्रंथपालाला दिली. त्या गृहस्थाने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. त्याने पहिला आठवडा खेळाडूंना ओळीने बसवून नियमांचं पुस्तक वाचायला लावलं.

मास्तर जेवायला येत राहिले. सालिमला का बसवलं, हे पप्पांनी त्यांना दोनदा विचारलं. मास्तर म्हणाले, "कारण होतं." आईने पप्पांच्या ताटात न मागता भात वाढला आणि विषय बदलला. मला त्यात काही दिसलं नाही.

याच सुमारास मास्तरांचं लग्न जुळत आलं होतं. मुलगी त्यांच्या गावापासून दोन वाड्यांवरची, शाळेत शिकवणारी, नाव लुसी. फोटो एकमेकांना गेले होते. आता मुलीच्या वडिलांनी कळवलं की मुलाने एक कॅसेट पाठवावी, म्हणजे घरच्यांना त्याचं बोलणं-चालणं कळेल. मास्तर दुकानात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हणालो, "मास्तर, कॅसेटमध्ये शर्ट दिसत नाही."

"मला दिसतो ना," ते म्हणाले.

मी खणातून हाताला आली ती जुनी कॅसेट काढली, मशीनमध्ये घातली, बटण दाबून दिलं आणि पडदा ओढला. बाहेर सगळं ऐकू येत होतं. मास्तर नोकरीबद्दल बोलले, घराबद्दल, आईच्या संधिवाताबद्दल. मग थोडं थांबले आणि म्हणाले की इथे कॉलेजच्या टीमचं काम माझ्याकडे होतं, ते सध्या दुसऱ्याकडे दिलंय. लोक काहीबाही बोलतात, पण मी ज्यात हात घातला ते वाकडं केलेलं नाही, एवढं तुम्ही धरून चाला. पुढे म्हणाले, इथे एक घर आहे, त्यांनी मला परक्यासारखं कधी ठेवलं नाही. त्यांचा बस्त्याव नावाचा मुलगा आहे, चांगला पोरगा आहे, कमी बोलतो. ते मला ऐकवेना. मी चहा आणायला गेलो. परत आलो तर पडदा उघडा, मास्तर गेलेले, कॅसेटही गेलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीतले आग्नेल काका गावी निघणार होते, त्यांच्याकडे द्यायची होती म्हणून मास्तरांनी स्वतःच काढून नेली आणि टॅक्सीने बरकाला धाडली.

मी तो चहा पिऊन टाकला. अर्ध्या तासाने नासर आला. "मेरा कॅसेट किधर है? वो जिसके लास्ट में लोटेवाला है। इब्रीवाला मॅच।"

मी खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मास्तर बोलले पंचवीस मिनिटं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. उरलेली पाच मी पुसली नव्हती. मास्तरांचं बोलणं संपल्यावर लुसीच्या घरी आता कोण बोलणार होतं, ते मला स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

दुकान कुट्टीवर सोपवून मी नासरच्याच गाडीत बसलो. बरकाला जाईपर्यंत त्याने तीनदा विचारलं की एवढी घाई कसली. मी म्हणालो, पत्र राहिलं. आग्नेल काका बरकाला एका शेतावर पंपांची कामं करायचे. खोलीत पोचलो तर काकांची पेटी खोलीच्या मधोमध. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, चारही बाजूंनी पट्ट्या, त्यावर काथ्याची दोरी उभी-आडवी, वर काळ्या रंगाने नाव-गाव. त्यावर त्यांचा एक सोबती बसला होता आणि काका गुडघा टेकून शेवटची गाठ ओढत होते. सकाळपासून हे तिसरं बांधणं होतं, असं त्या सोबत्याने मला सांगितलं.

"काय रे बस्त्या, तुझंही काही आहे का न्यायला?" काका म्हणाले. "आता जागा नाही. खिशात मावेल ते दे."

"न्यायला नाही, काका. इनास मास्तरांची कॅसेट... ती जरा हवी होती."

"ती आत गेली. अगदी तळाशी, साड्यांच्या घडीत. फुटायला नको म्हणून." त्यांनी घाम पुसला. "का, काय झालं?"

मी खोक्यावरचं नाव-गाव वाचत राहिलो.

"अरे बोल की. मास्तरांनी पाठवलंय का तुला?"

"नाही."

"मग?" काकांनी दोरीवर हात ठेवला. ते चिडले नव्हते. "हे बघ पोरा, ही गाठ सोडायला मला काही नाही. लग्नाचा मामला आहे, मला ठाऊक आहे. तू कारण सांग, मी आत्ता सोडतो. नुसतं हवी म्हणालास तर कशी सोडू?"

ते शब्द, आणि पिवळ्या बनियनमध्ये गुडघा टेकून बसलेले काका, मला रोज आठवतात. कारण एका वाक्याचं होतं. काका, त्या कॅसेटच्या शेवटी माझा आवाज आहे. पण मग रुस्ताकला कळलं असतं लोटेवाला कोण ते. पप्पांना कळलं असतं, सूकला कळलं असतं, आणि ती मॅच मी पाहिलीच नव्हती हेही निघालं असतं. खोकं बघत मी म्हणालो, "काही नाही, काका. मास्तरांनी सगळं बोलून झालं ना, एवढंच बघायचं होतं. सुखरूप जा."

"वेडाच आहेस," काका म्हणाले आणि त्यांनी मला चहा पाजला. खोक्यावर बसलेल्या माणसाने मला सरकून जागा करून दिली. मी त्याच खोक्यावर बसून चहा प्यालो. माझ्या खाली तळाशी साड्यांच्या घडीत मीच बोलत होतो.

महिन्याने उत्तराची कॅसेट आली. मास्तरांनी ती शुक्रवारी आमच्याकडेच लावली. आमच्या घरी सगळ्यांच्या कॅसेटी सगळ्यांसमोरच ऐकायची पद्धत होती आणि मास्तरांना दुसरं घर नव्हतं. आईने शेगडी बारीक केली. पप्पांनी कूलर बंद केला. लुसीच्या वडिलांचा आवाज आला, शांत, मास्तरकी केलेल्या माणसाचा. त्यांनी सगळ्यांची खुशाली विचारली. मग म्हणाले, "तुमचं बोलणं आम्हांला आवडलं. त्याच्या पुढे त्या दुसऱ्या गृहस्थांचं बोलणंही सगळ्यांनी ऐकलं. आम्ही वीस माणसं बसलो होतो. ते तुमच्याच कॅसेटवर होतं, तेव्हा तुम्हांला ठाऊक असूनच पाठवलं असेल, हा तुमचा प्रामाणिकपणा. पण आमची मुलगी शिक्षिका आहे. ती म्हणते, विद्यार्थ्यावर डूख धरणाऱ्या माणसाबरोबर मला राहायचं नाही."

त्यानंतर बराच वेळ नुसती टेप फिरण्याची सरसर. मास्तरांनी बटण दाबलं.

"दुसरे गृहस्थ कोण?" पप्पांनी विचारलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि लोटेवाल्याच्या या भक्ताने आयुष्यात पहिल्यांदा जेवण अर्धं टाकलं.

आईने हातातला झारा ठेवला. "डूख," ती म्हणाली. "डूख काय? त्या सालिमच्या पायाला एवढा फोड आला होता. वेल्डिंगचा तापलेला गोळा पडला पायावर. चप्पल घालून वर्कशॉपमध्ये आला होता, आणि चप्पल घालणाऱ्याचं नाव काढून टाकायचा हुकूम आहे मुदीरचा. मास्तर त्याला उचलून मागच्या दाराने माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, वहिनी, कोणाला सांगू नका, पोराचं वर्ष जाईल. आठ दिवस रोज सकाळी मी त्याला ह्या चुलीपाशी बसवून कोरफडीचा गर लावत होते. आणि तो मेला लोट्यात तोंड घालून विचारतो, सालिमचा काय कसूर."

"वहिनी, जाऊ द्या," मास्तर म्हणाले. "जेवण निवतंय."

बातमी माझ्या घरात होती. ज्या चुलीवरून मला रोज सकाळी चहा मिळत होता, तिच्यापाशी. मी फक्त उशिरा उठत होतो.

लोटेवाला त्यानंतर कधी बोलला नाही. लोक म्हणत, त्याची बदली झाली. मास्तर करार संपल्यावर गावी गेले. सालिम पास होऊन दूर नोकरीला लागला. आई शेवटपर्यंत लोटेवाल्याला शिव्या देत होती, आणि माझ्याच घरी, माझ्याच हातचं पाणी पिऊन गेली. मी तिला सांगितलं नाही.

मागच्या मे महिन्यात वसईला गेलो तेव्हा मास्तरांकडे गेलो. ऐंशी होऊन गेलेत. घराखाली ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे, ते आता जावई बघतो. लग्न झालं त्यांचं, पुढे पाच-सहा वर्षांनी; बायको गेली, मुलगी जवळ असते. तिनेच चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. लोटा, खण, दोरी, आग्नेल काका. बोलताना त्यांच्याकडे बघितलं नाही. खालून ग्राइंडरचा आवाज येत होता.

मास्तर कपाच्या काठावरून बोट फिरवत होते. मी म्हणालो, "तुमचं लग्न मोडलं माझ्यामुळे."

"ते राहू दे," ते म्हणाले. "जिच्याशी झालं तिच्याशी चांगलं झालं." मग त्यांचा आवाज चढला, आणि माणूस इतकी वर्षं मनात काय धरून बसतो ते मला कळलं. "पण डावी बाजू उघडी होती म्हणालास तू. डावी बाजू. मी दहा वर्षं डाव्या बचावाला खेळलेला माणूस. लुसीच्या घरच्या वीस माणसांनी ते ऐकलं, माझ्या वाडीतल्यांनी ऐकलं. अजून कोणी म्हातारा भेटला की विचारतो, काय इनास, बकऱ्या गेल्या का डावीकडून? कोणी सांगितलं तुला डावी बाजू उघडी होती म्हणून?"

"कोणीच नाही. मी झोपलो होतो."

"झोपला होतास." त्यांनी ते स्वतःशी पुन्हा म्हणून बघितलं. मग मुलीला हाक मारली, "वही आण गो. आणि पेन." वही माझ्यापुढे सरकवली. "लिही. मी सांगतो तसं. आणि हे कुठेतरी छापून यायला पाहिजे."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. दोन तास त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तीनदा वाचून दाखवायला लावलं. एक शब्द वाकडा वाटला की पेनाने खोडून वर पुन्हा लिहायला लावायचे. एका ठिकाणी आमचं अडलं. ते म्हणाले, "लिही, इब्रीचा दुसरा गोल ऑफसाइड होता."

मी पेन थांबवलं. "मास्तर, ते मी कसं लिहू? मी पाहिलं नाही."

मास्तर चांगलेच रागावले होते. मुलगी दारातून म्हणाली, "पप्पा, ते बरोबर बोलतात." शेवटी त्यांनी हात हलवला, लिही तुला लिहायचं तसं. तो वृत्तांत असा:

रुस्ताक आणि इब्री कॉलेजांची मॅच रुस्ताकच्या ग्राउंडवर झाली. इब्री दोन, रुस्ताक एक. रुस्ताकची डावी बाजू उघडी नव्हती. तिथे खमीस नावाचा मुलगा होता आणि तो शेवटच्या शिट्टीपर्यंत जागा सोडून हलला नाही. दोन्ही गोल उजवीकडून झाले. सालिम खेळला नाही, कारण त्याच्या उजव्या पायाला भाजलं होतं आणि बूट चढत नव्हता. त्याला बसवणं बरोबर होतं. कारण न सांगणंही बरोबर होतं. कोच इनास मास्तर यांनी कोणावर डूख धरला नव्हता. दुसरा गोल ऑफसाइड होता, असं मास्तरांचं म्हणणं आहे. मी तिथे नव्हतो.